ध्वनिवर्धित आवाजाचा पाठ : गिटारचा स्पीकर, मायक्रोफोन आणि झाडीपट्टीचे ध्वनिमुद्रण

१

लिखित पाठाच्या बाबतीत जी सावधगिरी अभ्यासक सहज बाळगतो, ती ध्वनिमुद्रित पाठाच्या बाबतीत तो क्वचितच बाळगतो. हस्तलिखित हाती आले की ते कोणी उतरविले, कोणत्या परंपरेतील प्रतीवरून उतरविले, लेखनिकाच्या सवयी कोणत्या होत्या, असे प्रश्न आपण प्रथम विचारतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली व १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच प्रश्नांच्या आधारावर उभी आहे. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाला (१९३३) जोडलेल्या प्रस्तावनेने पाठचिकित्सेची जी शिस्त घालून दिली, तिचा उल्लेख आपल्या प्रत्येक संशोधनपद्धतीच्या वर्गात होतो. परंतु तोच विद्यार्थी एखाद्या नाटकाचे वा बोलीचे ध्वनिमुद्रण ऐकावयास बसला, की कानांवर पडते ते सारे वक्त्याच्या मुखातून जसेच्या तसे आले आहे असे तो गृहीत धरतो. मध्ये एक मायक्रोफोन होता, कदाचित एक अ‍ॅम्प्लिफायर व एक कर्णाही होता, आणि यांपैकी प्रत्येकाने लेखनिकाप्रमाणे काही गाळले, काही पदरचे घातले, याचे भान त्याला राहत नाही.

हे भान सर्वात तीव्र असलेला वर्ग विद्यापीठात आढळत नाही. तो आढळतो विजेच्या गिटारचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांमध्ये. कोणता स्पीकर घ्यावा, त्यासमोर कोणता मायक्रोफोन ठेवावा, किती अंतरावर व कोणत्या कोनात ठेवावा, यांवर ही मंडळी ज्या चिकाटीने वाद घालतात ती एखाद्या पाठचिकित्सकास शोभण्यासारखी आहे. त्यांच्या या व्यवहारामागील तत्त्व कोणते, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि भंडारा जिल्ह्यात व एकूण झाडीपट्टीत रात्रभर ध्वनिवर्धकावर चालणाऱ्या नाटकाचे मुद्रण करू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

विजेच्या गिटारची गोष्ट इतर वाद्यांहून मुळातच वेगळी आहे. सतारीचा भोपळा किंवा तंबोऱ्याची तबली हा वाद्याचा देह असतो. तारेचे कंपन तेथे वाढते आणि तेथूनच श्रोत्याकडे जाते. विजेच्या गिटारला असा देह नाही. तिच्या तारांखाली बसविलेले चुंबक व तारेचे वेटोळे कंपनाचे विद्युत्संकेतात रूपांतर करतात. तो संकेत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाढतो आणि शेवटी कागदी शंकू असलेल्या स्पीकरमधून हवेत उतरतो. म्हणजे गिटारचा भोपळा तिच्यापासून काही हात दूर, लाकडी पेटीत बसविलेला असतो.

हा भोपळा तटस्थ नाही. गिटारच्या स्पीकरचा शंकू सामान्यतः १२ इंच व्यासाचा असतो. सेलेशन या इंग्लिश कंपनीचा ‘ग्रीनबॅक’ नावाने ओळखला जाणारा स्पीकर सुमारे ७५ ते ५,००० हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात काम करतो. ‘व्हिंटेज ३०’ या तिच्याच दुसऱ्या स्पीकरचा पट्टाही जवळजवळ तेवढाच आहे. गिटारच्या सर्वात खालच्या तारेचा मूलस्वर सुमारे ८२ हर्ट्झ आणि चोविसाव्या पडद्यावरील सर्वात वरचा मूलस्वर सुमारे १,३१९ हर्ट्झ असल्यामुळे मूलस्वर तर या पट्ट्यात बसतात; पण त्यांचे वरचे उपस्वर ५,००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने क्षीण होतात. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या शक्तीपलीकडे चालविला म्हणजे संकेत विकृत होऊन त्यात नवे उपस्वर उत्पन्न होतात. हा विकृत संकेत सपाट प्रतिसादाच्या स्पीकरवर ऐकला तर तो डबीत कोंडलेल्या माशीसारखा गुणगुणतो; गिटारच्या स्पीकरवर ऐकला तर तोच भरीव आणि गाता होतो. ज्याला आपण गिटारचा ‘स्वर’ म्हणून ओळखतो त्याचा मोठा भाग स्पीकरच्या या गाळण्यातून सिद्ध झालेला आहे. दोषालाच येथे गुणाची प्रतिष्ठा मिळाली आहे.

म्हणूनच स्पीकरांची निवड ही या मंडळींत वाद्याच्या निवडीइतकी महत्त्वाची मानली जाते. व्हॉक्स कंपनीच्या ‘ए. सी. ३०’ या अ‍ॅम्प्लिफायरसाठी सेलेशनने बनविलेला निळ्या रंगाचा अल्निको चुंबकाचा स्पीकर अवघ्या १५ वॅटचा. पुढील काळात फेराइट चुंबकाचे, अधिक शक्ती पेलणारे स्पीकर आले. कमी शक्तीचा स्पीकर लवकर कळसाला पोहोचतो आणि जोराच्या आघाताला किंचित दबतो. अधिक शक्तीचा ताठ उभा राहतो. वादकाच्या बोटांना हा फरक जाणवतो आणि त्याचे वादन त्यानुसार बदलते. हा मुद्दा पुढील विवेचनाचा कणा असल्याने तो येथेच नोंदवून ठेवतो.

३

स्पीकरमधून उतरलेला ध्वनी मायक्रोफोन टिपतो; पण तोही निवड करीतच टिपतो. गिटारच्या स्पीकरसमोर जगभर सर्वाधिक दिसणारा मायक्रोफोन म्हणजे शुअर कंपनीने १९६५ मध्ये बाजारात आणलेला ‘एस. एम. ५७’. तो चलवेटोळ्याच्या जातीचा, म्हणजे डायनॅमिक आहे. त्याचा पट्टा ४० ते १५,००० हर्ट्झ असून सुमारे ५,००० ते ६,००० हर्ट्झच्या आसपास त्याच्या प्रतिसादाला मुद्दाम दिलेला उठाव आहे. स्पीकर जेथे मंदावतो नेमका तेथेच मायक्रोफोन जोर देतो. दोघांची जोडी जमली आहे ती या परस्परपूरकतेमुळे. १९६६ मध्ये आलेला त्याचा भाऊ ‘एस. एम. ५८’ हा आपल्याकडे सभासंमेलनांत व नाटकांत वक्त्याच्या तोंडासमोर दिसणाऱ्या गोल जाळीच्या मायक्रोफोनांचा आदर्श ठरला.

दुसरी जात रिबन मायक्रोफोनची. त्यात धातूची अतिशय पातळ पट्टी चुंबकीय क्षेत्रात हेलकावे घेते. १९५० च्या दशकात बी.बी.सी.च्या अभियंत्यांनी सिद्ध केलेला ‘४०३८’ हा या जातीचा नामांकित नमुना होय. रिबनचा प्रतिसाद वरच्या पट्ट्यात मृदू असतो. तो पुढून व मागून सारखाच ऐकतो, बाजूंनी मात्र जवळजवळ बहिरा असतो. तिसरी जात कंडेन्सरची; १९६७ चा नॉयमान ‘यू ८७’ तिचा प्रतिनिधी. ती वरचे सूक्ष्म उपस्वर स्पष्टपणे टिपते, आणि त्याचबरोबर खोलीचे, पंख्याचे, खोकल्याचे आवाजही प्रामाणिकपणे टिपते.

जातीइतकेच महत्त्व जागेला आहे. शंकूच्या मध्यबिंदूसमोर मायक्रोफोन धरला तर स्वर तीक्ष्ण येतो. कडेकडे सरकविला तर तो गोल आणि मंद होतो. दिशाग्राही मायक्रोफोन ध्वनीच्या उगमाच्या अगदी जवळ नेला तर खालचे स्वर अवाजवी फुगतात. यास सामीप्य-परिणाम म्हणता येईल. दोन मायक्रोफोन वापरून ते एकत्र मिसळले तर आणखी एक फसगत संभवते. दोघांच्या अंतरात केवळ १७ सेंटिमीटरचा फरक असला तरी ध्वनी एकाकडे सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो, आणि मिश्रणात १,००० हर्ट्झचा, तसेच त्याच्या तिप्पट व पाचपट कंपनसंख्येचा ध्वनी परस्परांना छेदून क्षीण होतो. हा खड्डा वादकाने पाडलेला नसतो, स्पीकरनेही नसतो; तो मुद्रकाने पाडलेला असतो. दोन प्रतींतील पाठ एकत्र करून तिसराच, कोठेही न आढळणारा पाठ तयार करणाऱ्या संपादकाची येथे आठवण व्हावी.

४

या मंडळींच्या चर्चेचे मोल मान्य करूनही तिच्यातील एक उणीव दाखविली पाहिजे. ‘उत्तम स्वर कोणता’ हाच प्रश्न तेथे अखेरचा मानला जातो. ज्या जोडीतून कानाला रुचणारा ध्वनी निघेल ती जोडी श्रेष्ठ. कलावंताला हा निकष पुरेसा आहे, अभ्यासकाला नाही. अभ्यासकाचा प्रश्न असा की, या साखळीतील कोणत्या कडीपर्यंतचा ध्वनी हा कृतीचा भाग मानावयाचा आणि कोणत्या कडीपासून पुढचा ध्वनी हा केवळ वाहकाचा संस्कार मानावयाचा?

दोन टोकांची मते संभवतात. पहिले मत असे की, शुद्ध तेवढेच खरे: गिटारचा संकेत तारेतूनच थेट मुद्रित करावा, नटाचा आवाज त्याच्या ओठांपाशीच घ्यावा, आणि मधली सारी यंत्रसामग्री वर्ज्य मानावी. दुसरे मत असे की, श्रोत्याने जे ऐकले तेच खरे: म्हणून मायक्रोफोन प्रेक्षकांत ठेवावा आणि कर्ण्यातून जे येईल ते घ्यावे. पहिल्या मताने गिटारचे मुद्रण केले तर वर वर्णिलेली माशीची गुणगुण हाती येते, आणि ती कोणत्याही वादकाने कधीही आपले वादन म्हणून मान्य केलेली नाही. दुसऱ्या मताने बोलीचे मुद्रण केले तर कर्ण्याचे दोष वक्त्याच्या जिभेवर लादले जातात.

प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, या वादाचा निर्णय एका साध्या निकषाने करता येतो. *कर्ता ज्या ध्वनीला प्रतिसाद देत आपली कृती घडवितो, तो ध्वनी कृतीचा भाग होय.* गिटारवादक स्पीकरमधून येणारा स्वर ऐकत ऐकत बोटांचा दाब बदलतो. स्पीकरजवळ जाऊन तार पुन्हा कंपित करवितो आणि स्वर लांबवितो. स्पीकर त्याच्या श्रवणाच्या वर्तुळात आहे, म्हणून तो वाद्याचा भाग आहे. मुद्रणासाठी समोर ठेवलेला मायक्रोफोन मात्र वादनाच्या क्षणी त्याला ऐकू येत नाही. म्हणून तो वाहक आहे. याच निकषाने आकाशवाणीवरील निवेदकाचा आवाज श्रोत्याच्या घरातील रेडिओने कसा बदलला हा निवेदनाचा भाग ठरत नाही, कारण निवेदकाला त्याचा पत्ताच नसतो.

५

हा निकष हाती घेऊन झाडीपट्टीकडे वळावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या व जंगलाच्या या प्रदेशात दिवाळीनंतर धानाची कापणी उरकत आली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. शंकरपट, मंडई यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रीचे प्रयोग लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे आज व्यावसायिक नाट्यमंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यामुळे या रंगभूमीकडे उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष काहीसे वेधले गेले. तिच्या पाठीशी दंडार आणि खडी गंमत या जुन्या लोकनाट्यांची परंपरा आहे.

या रंगभूमीचा ध्वनी ध्वनिवर्धकाशिवाय आज कल्पिता येत नाही. मोकळ्या मैदानावरील हजारोंच्या समुदायापर्यंत आवाज न्यावयाचा असतो. रंगमंचावर मायक्रोफोन टांगलेले असतात. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या हवेत आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, हा भौतिक नियम नटाने पुस्तकात वाचलेला नसला तरी त्याच्या पायांना ठाऊक असतो. महत्त्वाचे वाक्य आले की तो मायक्रोफोनखाली सरकतो; स्वगत म्हणावयाचे असले तर तेथेच थबकतो; कर्ण्यातून आपलाच आवाज परत आला की पुढचे वाक्य उचलतो. रंगमंचावरील हालचालीचे व्याकरण अशा रीतीने काही अंशी मायक्रोफोनच्या जागेवरून ठरते. वादकांच्या बाजूला पाहावे तर हार्मोनियम व तबला यांच्या जोडीला विजेचे सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅड ही वाद्ये आली आहेत. यांची स्थिती गिटारहूनही टोकाची: गिटारची तार निदान हलकेच ऐकू तरी येते, सिंथेसायझरला स्पीकरवाचून आवाजच नाही.

आपल्या निकषाप्रमाणे पाहता झाडीपट्टीच्या नाटकातील ध्वनिवर्धित आवाज हा नाट्यकृतीचा भाग ठरतो, कारण नट व वादक त्याला प्रतिसाद देत प्रयोग घडवितात. केवळ ओठांपाशी मायक्रोफोन लावून केलेल्या ‘स्वच्छ’ मुद्रणात तो नाहीसा होतो. अशा मुद्रणातील नट निष्कारण ओरडताना, निष्कारण थांबताना वाटतो. मग समीक्षक त्याला ‘अतिरंजित अभिनय’ असे नाव देऊन मोकळा होतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो आणि स्वर लांबवितो, ही गोष्ट फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडली; तिला त्यांचेच नाव मिळाले आहे. मैदानावरील गर्दी, मागील दुकाने आणि कर्ण्याचा परत येणारा नाद यांच्या संदर्भातच त्या आवाजाचे माप घ्यावयास हवे. संदर्भ कापून टाकावयाचा आणि मग कृती विसंगत म्हणून दोष द्यावयाचा, हा प्रकार साहित्यसमीक्षेत आपण कधी खपवून घेतला नसता.

६

परंतु येथेच थांबलो तर दुसऱ्या टोकाची चूक होईल. याच प्रयोगाकडे बोलीचा अभ्यासक निराळ्या हेतूने येतो. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) भंडारा जिल्ह्याची मराठी ‘नागपुरी’ या सदराखाली आली. झाडीबोलीला स्वतंत्र व्यक्तित्व आहे ही गोष्ट पुढे साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकर यांनी आपल्या दीर्घ अभ्यासाने पुढे आणली. या बोलीत ण आणि ळ हे मूर्धन्य ध्वनी नाहीत व श, ष यांच्या जागी स येतो, हे तिचे ठळक लक्षण म्हणून सांगितले जाते. नाटकांत प्रमाण मराठी आणि झाडीबोली यांची सरमिसळ अनेकदा आढळते. विनोदी पात्र बोलीत बोलते, नायक प्रमाण भाषेकडे झुकतो. कोणत्या पात्राच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी श येतो आणि कोठे स येतो, हा म्हणून केवळ ध्वनीचा प्रश्न राहत नाही. तो प्रतिष्ठेचा, वर्गाचा आणि विनोदाच्या स्वरूपाचा प्रश्न होतो.

आता हा प्रश्न कर्ण्यातून आलेल्या मुद्रणावर सोडविता येईल काय? दन्त्य स ची ऊर्जा मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असते. तालव्य श ची २,५०० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. खेड्यापाड्यांत दिसणारा धातूचा कर्णा ढोबळमानाने ३०० हर्ट्झच्या खाली आणि ६,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने क्षीण होतो, आणि मधल्या पट्ट्यात त्याला स्वतःचे उठाव असतात. ज्याचा उठाव ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या दरम्यान आहे असा कर्णा स ला श कडे झुकवू शकतो. म्हणजे नटाने बोलीतील स उच्चारला, कर्ण्याने त्याला प्रमाणभाषेचा वेष चढविला, आणि अभ्यासकाने ‘बोलीवर प्रमाणभाषेचा प्रभाव’ असा निष्कर्ष काढला! उलटपक्षी, ५,००० ते ६,००० हर्ट्झला उठाव देणारा मायक्रोफोन तोंडाशी धरला तर स अवाजवी धारदार होतो. यंत्र बदलले आणि बोली बदलली, असा हा प्रकार आहे.

तालव्य व दन्त्य च यांचा भेद असाच वरच्या पट्ट्यात राहतो. खालच्या पट्ट्यातील हानी तितकीच गंभीर. पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर साधारणतः १०० ते १५० हर्ट्झ असतो. कर्णा तो गाळतो. श्रोत्याचा कान उपस्वरांवरून स्वराची उंची ओळखतो, त्यामुळे ऐकताना काही बिघडत नाही. पण घ, भ या घोष महाप्राणांचा श्वासमिश्रित नाद मोजण्यासाठी पहिल्या व दुसऱ्या उपस्वरांच्या बळातील फरक पाहावा लागतो, आणि त्यांतील पहिला तर कर्ण्याने खाऊन टाकलेला असतो. तोंडाशी धरलेल्या दिशाग्राही मायक्रोफोनमध्ये सामीप्य-परिणामाने तोच पहिला उपस्वर फुगतो. अनुनासिकांची २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपासची गुणगुणही याच दोन दोषांच्या कात्रीत सापडते. अशा मुद्रणावरून काढलेला आलेख कितीही सुबक दिसला तरी तो वक्त्याविषयी किती आणि यंत्राविषयी किती बोलतो, हे वेगळे करणे अशक्य होते.

जुन्या मुद्रणांच्या बाबतीत हा धडा आपण शिकावयास हवा होता. फ्रेड गायसबर्गने १९०२ मध्ये कलकत्त्यात केलेल्या मुद्रणांपासून १९२५ मध्ये विद्युत्मुद्रण येईपर्यंत गायकाचा आवाज धातूच्या कर्ण्यात गोळा करून सुईने थेट कोरला जात असे. भाषासर्वेक्षणाच्या ध्वनिमुद्रिका १९१३ ते १९२९ या काळातल्या, म्हणजे बहुतांशी याच तंत्राच्या छायेतील आहेत. त्यांचा उपयुक्त पट्टा ढोबळमानाने काही शे हर्ट्झपासून अडीच-तीन हजार हर्ट्झपर्यंतचा. त्यांवरून शब्दरूपे, आघात, वाक्याची लय यांविषयी बोलता येते. ऊष्म व्यंजनांविषयी बोलणे धाडसाचे ठरते. शंभर वर्षांपूर्वीची ही अडचण नाइलाजाची होती. आज आपण तीच अडचण निष्काळजीपणाने पुन्हा निर्माण करावी, याला समर्थन नाही.

७

यंत्राच्या चर्चेबरोबर शब्दांचाही विचार व्हावयास हवा. गिटारच्या मंडळींत स्वराचे वर्णन ‘उबदार’, ‘चमकदार’, ‘गढूळ’ अशा विशेषणांनी होते. ही इंग्रजीवरून आलेली रूपके मराठीत उसनी वाटतात, आणि उसनी आहेतही. मराठीला त्यांची गरज नाही. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. भांडे घेताना ते वाजवून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ‘खणखणीत’ व ‘बद्द’ या दोन शब्दांत गिऱ्हाईक व कारागीर यांचा निवाडा होतो. आवाजासाठी आपल्याकडे घुमणारा, भारदस्त, बसका, घोगरा, नाकातला, किनरा, चिरका, फाटका असा समृद्ध शब्दसंग्रह आहे. यांतील पुष्कळसे शब्द अनुकरणवाचक असल्याने ध्वनीशी त्यांचे नाते अधिक थेट आहे.

हे शब्द कंपनपट्ट्यांशी जोडून पाहण्याचा प्रयत्न व्हावा असे सुचवावेसे वाटते. ‘घुमणे’ हे २०० हर्ट्झच्या आसपासच्या वाढीचे, ‘नाकातला’ हे १,००० हर्ट्झच्या आसपासच्या उठावाचे, ‘खणखणीत’ हे २,००० ते ४,००० हर्ट्झमधील स्पष्टतेचे आणि ‘सळसळ’ हे त्याहून वरच्या भागाचे वाचक असावे, असा तर्क मांडता येईल. हा केवळ तर्क आहे. श्रोत्यांवर प्रयोग करून तो तपासावयास हवा. तसे झाल्यास यंत्रे हाताळणारा गावातील मंडप-डेकोरेशनवाला आणि प्रयोगशाळेतील विद्यार्थी यांना एक समान परिभाषा मिळेल, आणि हा लाभ लहान नाही.

८

एकाच प्रयोगातून नाट्याभ्यासकाला ध्वनिवर्धित पाठ हवा आणि भाषाभ्यासकाला अवर्धित पाठ हवा, असा निष्कर्ष वरील विवेचनातून निघतो. दोघांना पुरेल असा एकच मायक्रोफोन अस्तित्वात नाही. पण यावरचा उपाय गिटारचे मुद्रण करणाऱ्यांनीच शोधून ठेवला आहे. ते तारेतून येणारा कोरा संकेत एका मार्गावर आणि स्पीकरसमोरील मायक्रोफोनचा संकेत दुसऱ्या मार्गावर मुद्रित करतात, आणि दोन्ही वेगवेगळे जपतात. पुढे हवा तेव्हा तोच कोरा संकेत दुसऱ्या स्पीकरमधून पुन्हा वाजवून नवे मुद्रण करता येते. मूळ प्रत सुरक्षित ठेवून संस्करणे करण्याची ही पद्धत पाठचिकित्सेच्या नीतीशी पूर्णपणे सुसंगत आहे.

झाडीपट्टीत हेच तत्त्व पुढीलप्रमाणे लावता येईल. दोन मार्गांचे साधे मुद्रणयंत्रही पुरे. पहिल्या मार्गावर रंगमंचाजवळ, कर्ण्यांकडे पाठ करून ठेवलेल्या, शक्य तितक्या सपाट प्रतिसादाच्या मायक्रोफोनचा संकेत घ्यावा. नाटकमंडळीच्या मिक्सरमधून संकेत मिळाला तर तोही उपयोगी, मात्र त्यात त्यांच्या टांगलेल्या मायक्रोफोनचे गुणदोष आलेले असतात हे नोंदवावे. दुसऱ्या मार्गावर प्रेक्षकांत, कर्ण्यापासून मोजून घेतलेल्या अंतरावर ठेवलेल्या मायक्रोफोनचा संकेत घ्यावा. हे दोन मार्ग एकत्र मिसळू नयेत. प्रेक्षकांतील मायक्रोफोन कर्ण्यापासून १० मीटरवर असला तर त्याच्याकडे ध्वनी सुमारे २९ सहस्रांश सेकंद उशिरा येतो. मिश्रणात दोन्ही पाठ बिघडतात. आरंभी रंगमंचावर एक टाळी वाजवून घ्यावी, म्हणजे दोन्ही मार्ग पुढे जुळविता येतात. शिवाय यंत्रांची नावे, कर्ण्यांची संख्या व दिशा, मायक्रोफोनची उंची व अंतर, रात्रीचे तापमान, गर्दीचा अंदाज यांची टाचणी प्रत्येक मुद्रणासोबत असावी. शक्य झाल्यास त्याच नटांपैकी एक-दोघांचे दिवसा, बंद खोलीत, ध्वनिवर्धकाशिवाय शब्दवाचन मुद्रित करावे. स आणि श यांविषयीचा निर्णय त्यावरच विसंबून द्यावा.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. आजकाल एखाद्या स्पीकरचा वा जागेचा प्रतिसाद क्षणिक ध्वनीने मोजून तो गणिताने कोणत्याही कोऱ्या संकेतावर चढविता येतो. कर्ण्याचे असे माप एकदा घेतले म्हणजे ध्वनिवर्धित पाठ वेगळा मुद्रित करण्याचे कारण उरत नाही, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. हे माप स्पीकरच्या सम, अविकृत वर्तनाचे असते. कर्णा शक्तीपलीकडे चालविल्यावर होणारी विकृती त्यात येत नाही. शिवाय वारा वळला, गर्दी वाढली, थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून गार होऊन ध्वनी खाली वाकला व शेजारच्या गावापर्यंत गेला, की प्रतिसाद बदलतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, त्या आवाजाला नटाने दिलेला प्रतिसाद कोणत्याही गणिताने मागाहून घालता येत नाही.

या कामाला कालमर्यादा आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते पहाटे ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई केली असून सवलत मोजक्याच दिवशी व मध्यरात्रीपर्यंतच देता येते. नियमामागील हेतू योग्य आहे याविषयी वाद नाही. पण रात्रभराच्या प्रयोगाची घडी त्यामुळे बदलणार हे उघड आहे. धातूच्या कर्ण्यांची जागा मोठ्या पेट्यांचे स्पीकर घेत आहेत, टांगलेल्या मायक्रोफोनच्या जागी नटाच्या गालाला चिकटणारे मायक्रोफोन येऊ लागतील, आणि मायक्रोफोनखाली सरकण्याची, कर्ण्याच्या प्रतिसादासाठी थांबण्याची ती सारी देहबोली अनावश्यक होईल. ती वाईट होती की चांगली, हा निर्णय नंतर देता येईल. पण देण्यासाठी काही आधार उरला पाहिजे. दंडार ज्या काळात ध्वनिवर्धकाविना होत असे त्या काळातील आवाजाचे मुद्रण आपल्या हाती फारसे नाही, आणि त्याविषयी आपण आज आठवणींवर बोलतो. ध्वनिवर्धकाच्या या कालखंडाविषयीही पुढील पिढीला आठवणींवरच बोलावे लागू नये.

कोणता स्पीकर आणि कोणता मायक्रोफोन, हा प्रश्न म्हणून तंत्रज्ञाकडे सोपवून आपण निश्चिंत होऊ शकत नाही. त्या निवडीबरोबर पाठ ठरतो, आणि पाठ ठरविणे हे संपादकाचे काम आहे. येत्या हंगामात जे विद्यार्थी मुद्रणासाठी भंडारा जिल्ह्यात जातील, त्यांनी यंत्र उचलण्यापूर्वी आपल्या वहीत एकच ओळ लिहून घ्यावी: आपणांस कोणाचा आवाज हवा आहे, आणि तो आवाज घडत असताना त्याच्या कानांवर काय पडत होते? या ओळीचे उत्तर मिळाले की मायक्रोफोन कोठे ठेवावा हे ठरविणे कठीण राहत नाही.